बापूंची बारी

चोवीस वर्षं कॅनडात काढल्यावर परतायचं कुठे, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन हिवाळे तसाच पडून होता. परतायचं हे नक्की होतं. मुलगा नोकरीला लागला होता आणि आमचे गुडघे सास्काटूनच्या बर्फाला पार विटले होते. पण परत म्हणजे नेमकं कुठे? माझा नवरा दिलीप दौंडचा, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. सासरे निवृत्त झाले त्या दिवशी ते क्वार्टर गेलं. मी भीमेच्या पलीकडची, शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याची, आईवडिलांची एकुलती एक. आई आधीच गेली होती, बापू अकरा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यामागे वस्तीवरचं दोन खोल्यांचं घर आणि तीस गुंठे रान माझ्या नावावर लागलं. ते रान तेव्हापासून पडीकच होतं.

कुठलाही प्रश्न रकान्यांत बसवल्याशिवाय दिलीपला झोप येत नाही. त्याने एक तक्ता केला. उभ्या रांगेत तीन नावं, पुण्याला जवळ म्हणून यवत, मग दौंड आणि मांडवगण. आडव्या रांगेत दवाखाना, पाणी, इंटरनेट, शेजार, आवाज, पुण्यापासूनचं अंतर. प्रत्येकाला दहापैकी मार्क. त्याला रजा मिळेना, म्हणून बघून यायची कामगिरी माझ्यावर आली.

"तुझ्या गावाला उगाच जास्त मार्क देऊ नकोस," विमानतळावर बॅग उतरवताना तो म्हणाला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर लोकांचं रक्त तपासलं. नमुना घरच्या माणसाचा असला म्हणून रिपोर्ट बदलत नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं आणि एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे कुणी शहाणा माणूस तिकडे जाणार नाही अशा दिवसांत, पुण्यात उतरले.

सोमवार, यवत

यवत हायवेवरचं गाव. ढाबे, पंक्चरवाले, खतांची दुकानं, पुण्याच्या बसची वाट बघणारी माणसं आणि या सगळ्यांच्या मधून न थांबता धावणारा सोलापूर रस्ता. मला प्लॉट दाखवणारा एजंट पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वेळेच्या आधी हजर होता. चोवीस वर्षांत आपल्याकडे हे एवढं बदललं म्हणून मी तिथेच शेजाराला एक मार्क वाढवला.

प्लॉट म्हणजे सपाट केलेलं माळरान आणि त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. एजंट त्या रेघा ओलांडत नव्हता, वळसा घालून दारासाठी सोडलेल्या जागेतून आत येत होता.

"मॅडम, या, हा तुमचा हॉल. हिकडं किचन. आन् तुम्ही आता उभ्या हायत ना, ते मास्टर बेडरूम."

मी उन्हात, डोक्यावर पदर धरून, माझ्या मास्टर बेडरूममध्ये उभी होते. हसू आलं, पण खोटं कशाला बोलू, आवडलंही. नळाला पाणी, रात्री गेटवर वॉचमन, दवाखाना दहा मिनिटांवर. शुक्रवारी सकाळी सह्या करायच्या असं ठरवून टाकलं, कारण शुक्रवारी रात्री माझं परतीचं विमान होतं. तोपर्यंत बाकीची दोन गावं बघायची ती फक्त तक्ता पुरा करायला, अशी माझी मनातल्या मनात तयारी झाली होती.

परत निघताना रस्त्याकडेला धूर दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली. गुऱ्हाळ होतं. या भागात गुऱ्हाळं इतकी आहेत की कुणी मान वळवून बघत नाही, पण मी मात्र आ वासून उभी राहिले. खोलीएवढी रुंद कढई, त्यात उसाचा रस पिवळाधमक होऊन उकळतोय, खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ भरारतोय आणि त्या वाफेत उघड्या अंगाचा एक माणूस शांतपणे उभा. तो गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा. त्याने हात गार पाण्यात बुडवला, तोच हात सरळ उकळत्या पाकात घातला आणि बोटांवर पाकाची गोळी घेऊन बाहेर काढला. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. त्याने ती गोळी भांड्याच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकला आणि मान हलवली. अजून दोन मिनिटं.

आमच्या लॅबमध्ये तापमान मोजायला इतकी यंत्रं आहेत, आणि हा माणूस कानाने मोजत होता. मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

तो उत्तर प्रदेशातला निघाला. चौदा वर्षं इथेच. "घर कब लौटोगे, भैया?" मी विचारलं.

"लौटेंगे दीदी," तो गरम काकवी द्रोणात ओतत म्हणाला. "वहाँ एक कमरा है हमारा। भाई लोग बंद करके रखे हैं। कोई सोता नहीं उसमें।"

मी काकवी चाटत होते. त्याचं ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मंगळवार, दौंड

दौंडला दिलीपचा बालमित्र शरद राहतो. रेल्वेतूनच निवृत्त झालेला, ओठांवर मिशी आणि मिशीवर अभिमान. त्याने मला आधी घरी नेलंच नाही, स्टेशनच्या पुलावर नेऊन उभं केलं.

"वहिनी, आधी हे बघा. मग फ्लॅट."

खाली रुळांचं जाळं पसरलेलं. एक मालगाडी निघाली होती. मी डबे मोजायला लागले आणि चाळिसानंतर सोडून दिलं. कॅनडात याच्या दुप्पट लांब गाड्या बघितल्या आहेत, पण त्या ओसाड माळावरून जातात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. इथे पुलावर माझ्याशिवाय आणखी सात-आठ जण कठड्याला टेकून बघत होते. रोज बघत असणार. दिलीप झोपेतसुद्धा गाडीचा आवाज ओळखतो याची मी चोवीस वर्षं चेष्टा केली, ती त्या पुलावर मनातून मागे घेतली.

शरदच्या बायकोने कुळथाच्या पिठाची शेंगोळी केली होती. लसणाचा तो वास नाकात गेला तेव्हाच माझा अर्धा निर्णय डळमळला. शरदचा मुलगा कुरकुंभच्या औषध कंपनीत आहे. तो दुपारच्या शिफ्टला निघायच्या आधी जेवता जेवता म्हणाला, "काकू, इथंच या. सेकंड शिफ्टची बस सुटली की समजायचं अडीच वाजले. घड्याळ लागत न्हाई दौंडात."

दाखवलेला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, गॅलरीतून सिग्नल दिसत होता. मी फोनवर दिलीपला गाडीचा भोंगा ऐकवला. त्याने तो पुन्हा ऐकवायला लावला. मग म्हणाला, "आवाजाला किती दिलेस?"

"दोन," मी म्हणाले.

"आठ कर," तो म्हणाला.

बुधवार, मांडवगण

केडगाववरून भीमेच्या पुलावर आले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. गाडी थांबवून उतरले. एप्रिलअखेरीलाही बंधाऱ्यामागे पाणी तुडुंब होतं, काठापासून दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्या हिरव्याच्या पुढे लगेच भाजलेलं माळरान. हिरवं आणि तांबडं यांच्यामध्ये हातभरसुद्धा जागा नव्हती. जिथवर पाणी पोचलं तिथवर जग, त्यापुढे नाही. लहानपणी हा पूल कितीदा ओलांडला, पण ही सीमा कधी दिसली नव्हती. ती बघायला इतकं लांब जाऊन यावं लागलं.

वस्तीवर पोचल्यावर पहिली भेटली ती कमलवहिनी, शेजारच्या आप्पांची सून. माझ्याच वयाची. आप्पा आता ऐंशीचे, बापूंचे दोस्त आणि विहिरीचे भागीदार. मला बघून ते बाजेवरून उठले, कपाळावर हात धरून न्याहाळलं आणि म्हणाले, "शैले, वाळलीस गं! तिकडं भाकरी मिळत न्हाई व्हय?"

मी सत्तर किलोची आहे. डोळे भरून आले.

बापूंच्या घरात वटवाघळांनी संसार थाटला होता, म्हणून मुक्काम आप्पांकडे. दुपारी मासवडीचं जेवण झालं. तिखट रस्सा असा की नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. तक्त्याची वही काढून मी एकेक रकाना विचारायला लागले. दवाखाना? "न्हावऱ्याला, न्हाईतर दौंडला." इंटरनेट? "चिंचेखाली उभं ऱ्हायलं की येतं." आणि उसात बिबट्या असतो हे कमलवहिनीने ताटात वडी वाढता वाढता सांगितलं, जसं काही तो भाडेकरू आहे. बिबट्यासाठी दिलीपने रकानाच ठेवला नव्हता. मांडवगणची सरासरी चाराच्या वर काही केल्या जाईना.

मग मी पाण्याचं विचारलं आणि आप्पा मला विहिरीवर घेऊन गेले.

ही विहीर आठ घरांची. जुन्या हिशोबाने विहीर सोळा आण्यांची धरतात आणि प्रत्येक घराचा वाटा दोन आणे. म्हणजे आठ दिवसांतून एक दिवस, सूर्य उगवल्यापासून, विहिरीचं सगळं पाणी एका घराचं. या एका दिवसाला बारी म्हणतात. मोटर एकच, ज्याची बारी त्याने आपल्या रानाकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. आठवडा सात दिवसांचा आणि बाऱ्या आठ, त्यामुळे प्रत्येक घराची बारी दर खेपेला एक वार पुढे सरकते. हे गणित वस्तीवर कुणी कागदावर मांडत नाही. पुढच्या महिन्यातली बारी विचारली तरी शेंबडं पोरसुद्धा वार सांगतं.

आमचे दोन आणे गेली अकरा वर्षं सातांनी वाटून घेतले असणार, हे दिलीपने आणि मी कधीच गृहीत धरलं होतं. त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नव्हतं. तरी मी विचारलं, "आप्पा, आमची बारी आता कोण धरतं?"

"कोण म्हंजी? बापूची बारी हाय ती."

"अहो, पण बापू जाऊन अकरा वर्षं झाली."

"मग? बारी कुठं गेली? त्या दिवशी मोटर बंद असती."

मला कळेचना. त्यांनी सावकाश सांगितलं. दर आठव्या दिवशी विहिरीवर कुणी मोटर लावत नाही. तो बापूंचा दिवस. मधे दुष्काळ पडला, आप्पांचा स्वतःचा ऊस उभा वाळला. त्यांच्या मुलाने, म्हणजे कमलवहिनीच्या नवऱ्याने, एकदा हळूच मोटरच्या पेटीला हात घातला तर आप्पांनी सगळ्या वस्तीसमोर त्याला झाडलं.

"प्यायला हंडा न्या म्हणलं, हंड्याला कुणाची बारी लागत न्हाई. पर मोटर न्हाई. आज बापूची वापरली तर उद्या माझी वापरत्याल. मग आठ घरं कशाची ऱ्हायली?"

"आन् त्या दिवशी पोरं पवायला शिकत्यात," मागून आलेली कमलवहिनी म्हणाली. "मोटर चालू असंल तर हिरीत उतरायचं न्हाई असा कायदाच हाय. म्हणून बापूंच्या बारीला आख्खी वस्ती हिरीवर असती. हितली सगळी लेकरं तुमच्या पाण्यात शिकली, ताई. मीसुदीक शिकले. पंचेचाळिसाव्या वर्षी!"

मी कठड्याला धरून खाली बघितलं. काळंभोर पाणी, वर बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबत होते आणि एक खंड्या पायरीवर बसला होता. अकरा वर्षं, दर आठव्या दिवशी, मी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत असताना इथे माझ्या बापाच्या नावाने एक मोटर बंद राहत होती. ऊस वाळत असतानासुद्धा. एवढं मोठं काही माझ्यासाठी कुणी केलेलं मला आयुष्यात आठवत नाही, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आणि याच भरात मी ती चूक केली.

संध्याकाळी चहाला विहिरीचे चार-पाच भागीदार जमले होते. मी उभी राहिले आणि चांगलं भाषणच केलं. तुमचे उपकार फिटणार नाहीत. आता एक माझं ऐका. यापुढे आमची बारी तुम्ही सात घरांनी वाटून घ्या. मी कागदावर लिहून द्यायला तयार आहे.

मला वाटलं, लोक नको नको म्हणतील, मग हो म्हणतील. एकाने कप खाली ठेवला. आप्पांनी टोपी डोक्यावर घातली, काठी घेतली आणि उठून गेले. पाठोपाठ बाकीचेही उठले. दोन मिनिटांत ओट्यावर मी आणि अर्धे प्यालेले कप.

गुरुवार

सकाळी आप्पा बाजेवर बसले होते. मी जवळ गेले तर त्यांनी आत हाक दिली, "कमल, पाहुण्यांना चहा दे."

पाहुण्यांना! शैले नाही, वाळलीस नाही. शेजारची खुर्ची त्यांनी हाताने पुसून मला पुढे केली, जशी तहसीलदाराला करतात. चहा बशीसकट आला.

मी कमलवहिनीला परसात गाठलं. ती भांडी घासत होती, वर बघेना.

"वहिनी, माझं काय चुकलं?"

"काय बोलून बसलात ताई तुम्ही!" तिने तवा बाजूला टाकला. "बारी अशी सोडत्यात व्हय? बारी सुटती ती मेलेल्याची. मागं कुणी वारस न्हाई, घराला दिवा लावायला माणूस न्हाई, तवा बाकीचे वाटून घेत्यात. आप्पा अकरा वरसं सगळ्यांना सांगत आले, बापूची लेक हाय, ती येणार हाय. आन् तुम्ही भर बैठकीत उभं ऱ्हाऊन सांगितलंत, बापूचं कुणी न्हाई म्हणून."

"मी तर देत होते गं..."

"त्यांनी कुठं मागितलं हुतं?"

मी तिथेच चुलीसाठी रचलेल्या लाकडांवर बसले. खूप रडले, नाक पुसायला रुमालही नव्हता. मला स्वतःचा राग आला तो असा की मी त्या राखलेल्या दिवसाला मनातून मार्क देऊन मोकळी झाले होते. उपकार, कागद, सही. तिकडे कॅनडात आपण कुणाची वस्तू अडवून बसलो नाही ना, याचीच सारखी काळजी असते, म्हणून ती चटकन सोडून द्यायची सवय लागते. यांनी वस्तू राखली नव्हती. मला राखलं होतं. तो गुऱ्हाळावरचा माणूस आणि त्याची बंद खोली मला आत्ता आठवली. त्याच्या भावांनीही तेच केलं होतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

कमलवहिनीने हात धुतले. "न्हाई म्हणून सांगून काय हुत न्हाई. बोललेलं बोललं. बारी धरायची आसंल तर दिस उगवायला फावडं घिऊन हिरीवर उभं ऱ्हायचं. तेवढंच असतंय."

"आमची बारी कधी आहे?"

"गेल्या खेपंला गुरुवारी हुती." तिने माझ्याकडे बघितलं. "उद्या."

उद्या. उद्या सकाळी यवतला सह्या होत्या आणि रात्री विमान. मी एजंटला फोन लावला आणि येऊ शकत नाही म्हणाले. प्लॉट जाईल, मॅडम, असं तो कळवळून म्हणाला. मी म्हणाले, जाऊ दे.

शुक्रवार

कमलवहिनीने दिलेलं फावडं खांद्यावर टाकून मी तांबडं फुटायच्या आधी विहिरीवर जाऊन उभी राहिले. अंगावर तिची जुनी साडी, पायात माझे कॅनडाचे पळायचे बूट. कुणी बघितलं असतं तर बुजगावणं समजलं असतं. पण त्या गारव्यात, खोप्यांतल्या सुगरणींचा पहिला चिवचिवाट ऐकत उभं राहताना मला इतकी भीती वाटत होती की जणू दहावीचा निकाल आहे.

सूर्य उसाच्या शेंड्यांवर आला. कुणी आलं नाही. मी पेटी उघडून बटण दाबलं. मोटर घरघरली आणि जमिनीखाली पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला. मग बापूंच्या रानाकडच्या व्हॉल्व्हला भिडले, तर तो अकरा वर्षांच्या गंजाने घट्ट. ओढलं, हिसडलं, दगडाने ठोकलं. शेवटी दोन्ही पाय रोवून अंगभर जोर लावला तेव्हा तो एकदम फिरला, मी पाठीवर पडले आणि जोडाच्या फटीतून उडालेल्या फवाऱ्याने डोक्यापासून बुटांपर्यंत न्हाऊन निघाले.

"उलटा फिरवत हुतीस इतका येळ," मागून आवाज आला.

आप्पा काठी टेकून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

पाणी बापूंच्या पाटात शिरलं होतं. पाट हराळीने बुजलेला, म्हणून मी पुढे पुढे फावडं मारत वाट करून देत होते आणि पाणी माझ्या पायामागून येत होतं. तीस गुंठ्यांत वेड्या बाभळी, तडकलेली माती, भेगा एवढ्या की हात जावा. पाणी एका भेगेत शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. मी थांबून बघत राहायचे. मग पुढच्या भेगेतून ते वर यायचं. एक भेग भरायला पाच-पाच मिनिटं लागत होती. जमिनीला एवढी तहान असते हे मला माहीत नव्हतं. मी शेतकऱ्याची मुलगी, पण बापूंनी मला कधी फावडं धरू दिलं नाही. तू शीक, म्हणायचे.

"आप्पा, इथे काय पेरू?" मी ओरडून विचारलं.

"आत्ता काय न्हाई. नुसतं भिजीव. रान जागं झालं पायजे आधी." ते बांधावर बसले. "आन् शैले, फावडं आसं न्हाई धरायचं. कमरंत मोडशील. डावा हात खाली."

शैले! मी डावा हात खाली घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण अंग सगळं भिजलेलंच होतं, कुणाला काय कळणार.

दहाच्या सुमाराला मान वर केली तर विहिरीच्या कठड्यावर वस्तीची लेकरं ओळीने बसलेली. पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधलेले, पाय लोंबकळत, आणि सगळी गप्प. मोटर चालू होती ना. बापूंच्या बारीला मोटर चालू त्यांनी जन्मात बघितली नव्हती. कुणी तक्रार केली नाही. नुसती बसून होती.

मी आप्पांकडे बघितलं.

"तीस गुंठ्याला चार तास रग्गड," ते म्हणाले. "फुडचं तुझं तू ठरव. बारी तुझी हाय."

बारी माझी होती. मी चिखलातून धावत गेले आणि पेटीवरचं लाल बटण दाबलं. घरघर थांबली. क्षणभर काहीच ऐकू येईना, आणि मग धपाधप आवाज करत एकामागून एक सगळी पोरं पाण्यात. उडालेलं पाणी वर कठड्यापर्यंत आलं. त्यांच्यामागून कमलवहिनी साडीचा काष्टा मारून पायऱ्या उतरली आणि माझ्याकडे एक कॅन फेकला.

"या ताई. सगळी वस्ती शिकली, मालकीण तेवढी ऱ्हायली."

मी चौपन्न वर्षांची. सरोवरांच्या देशात चोवीस वर्षं राहून कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. पण नाही कसं म्हणणार? कॅन बांधला आणि शेवटच्या पायरीवरून पाय सोडला. पाण्याने मला उचललं. खरंच उचललं. कमलवहिनीचा एक हात माझ्या पोटाखाली, भोवती पोरांचा आरडाओरडा, आणि वर गोल आकाशात काठी टेकून वाकून बघणारे आप्पा. बापू असते तर तिथेच उभे असते. मला त्यांची इतकी आठवण आली, आणि तरी मी हसत होते, नाकातोंडात पाणी जाईपर्यंत हसत होते.

दुपारी चिंचेखाली उभं राहून दिलीपला फोन केला. तिकडे मध्यरात्र झाली होती, पण तो जागाच होता.

"यवतच्या सह्या झाल्या?"

"नाही. आपण मांडवगणला राहायचं."

"अगं, चार मार्क होते त्याला!"

"तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिला होता," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मोटर, दुष्काळ, पाहुण्यांचा चहा, व्हॉल्व्ह, विहीर. दौंडच्या भोंग्यासाठी आठ मार्क मागणारा माणूस तो. मला वाटलं, वाद घालेल.

"आणि दवाखाना?" तो एवढंच म्हणाला.

"दौंडला. येताजाता स्टेशनच्या पुलावर उभा राहा."

मग त्याने विचारलं, "पुढची बारी कधी?"

"शनिवारी," मी म्हणाले, बोटं न मोजता.

ओल्या केसांनीच विमानतळाकडे निघाले.

इथे सास्काटूनला परतून आता महिना उलटून गेला. घर विकायला काढलं आहे, खोकी भरायला घेतली आहेत. फ्रिजवर कॅलेंडर लावलंय, त्यात दर आठव्या दिवसाला दिलीपने लाल गोल केला आहे. शनिवार झाला, रविवार झाला, सोमवार, मंगळवार झाला. आम्ही पोचेपर्यंत मोटर लावण्याचं काम कमलवहिनीने घेतलं आहे, ते माझ्या वतीने आणि चारच तास.

आज सकाळी मी डबा भरत होते. दिलीप बूट घालता घालता कॅलेंडरसमोर थांबला. दौंडला जन्मलेला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, मातीत कधी हात न घातलेला माझा नवरा. त्याने घड्याळ बघितलं, तिकडची वेळ मनात जुळवली आणि म्हणाला, "बुधवार ना आज? एव्हाना भिजलं असेल आपलं रान. पोरं अजून विहिरीतच असतील."